परसातला मेपल: पहिल्यांदा रस काढणाऱ्यांसाठी

थंडी सरताना मेपलच्या खोडातून रस काढतात आणि तो आटवून पाक, म्हणजे मेपल सिरप, करतात. त्या रसात साखर असते साधारण २ टक्के. उसाच्या रसात ती १६ ते २० टक्क्यांच्या घरात असते. हा एवढा फरक डोक्यात पक्का बसला की बाकीचं आपोआप उलगडत जातं: झाडं किती धरायची, पाक घरात का आटवायचा नाही, रस ठेवून का देता येत नाही आणि दुकानात ती छोटीशी बाटली इतकी महाग का असते. १ लिटर पाकाला ४० लिटरच्या वर रस लागतो.

मी कोल्हापूरकडची. आजोळी गुऱ्हाळ होतं, त्यामुळे चुलवाण, काहील, वर येणारी मळी आणि गरम काकवी हे सगळं लहानपणी जवळून पाहिलेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या परसात चार मेपल होते, आणि पहिली दोन वर्षं मला त्यांची फक्त सावली आणि पानगळ दिसली. मग एका फेब्रुवारीत शेजारच्या आजोबांच्या झाडांना बादल्या लटकलेल्या दिसल्या. बर्फ तुडवत विचारायला गेले, तर त्यांनी हातात खोडात ठोकायची एक नळी ठेवली आणि म्हणाले, या वर्षी एकाच झाडाला लाव. आता सात हंगाम झालेत. न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क, मिशिगन, ऑन्टारियो, क्वेबेक अशा भागांत ज्यांच्या परसात मेपल उभा आहे आणि ज्यांनी हे कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ही विद्या युरोपातून आलेल्यांनी इथे आणलेली नाही. आबेनाकी, ओजिब्वे, हौडेनोसोनी अशा इथल्या मूळ लोकांकडे मेपलची साखर फार आधीपासून होत होती. वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली. ओजिब्वे पंचांगात रस उकळण्याच्या नावानेच एक महिना आहे.

झाड पानं असतानाच ओळखा

नवख्यांची पहिली चूक इथे होते. रस निघतो तेव्हा झाड उघडंबोडकं असतं, आणि बिनपानांच्या खोडावरून ओक कुठला नि मेपल कुठला हे नव्या माणसाला कळत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच झाडं पाहून ठेवा आणि खोडाला रंगीत फीत बांधा.

सगळ्यात गोड रस शुगर मेपलचा. त्याच्या पानाला पाच टोकं असतात, कडा गुळगुळीत आणि दोन टोकांमधली खोबण गोलसर. रेड मेपलच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. रेड आणि सिल्व्हर मेपललाही रस येतो, साखर जरा कमी भरते, पण घरच्यापुरतं ते छान चालतं. पानाचा देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. त्याचाही रस निघतो. मात्र जवळ शुगर मेपल असेल तर आधी तोच धरा.

पानगळ होऊन गेली असेल तर फांद्या बघा. मेपलच्या फांद्या आणि कळ्या समोरासमोर जोडीने येतात, ओकच्या एकाआड एक. अॅशच्या फांद्याही समोरासमोर असतात, पण त्याच्या डहाळ्या जाड आणि बोजड. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार, रेड मेपलची तांबडी आणि गोल.

मग खोडाचा घेर मोजा. शिवणाची टेप घ्या आणि जमिनीपासून सुमारे १४० सेंटीमीटरवर गुंडाळा. घेर ९५ सेंटीमीटर किंवा जास्त भरला, म्हणजे व्यास ३० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर एक नळी. घेर १४० च्या पुढे असेल तर दोन. याहून जास्त मी कुठल्याही झाडाला लावत नाही, खोड कितीही जाड असो. शेंडा वाळलेला, साल सुटलेली किंवा बुंध्याशी अळंबी आलेली झाडं सोडून द्या. ती आधीच झुंजत असतात. रस्त्याकडेचं झाड बहुतेकदा गावाच्या मालकीचं असतं, त्याला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

किती झाडं धरायची

दोन किंवा तीन नळ्या. एका नळीतून हंगामभरात ढोबळमानाने ४० लिटर रस मिळतो, म्हणजे १ लिटरच्या आसपास पाक. तीन नळ्यांचे १२० लिटर आटवणं म्हणजे आठ-दहा तासांची आग, हे पहिल्याच वर्षी कळतं. पहिल्या हंगामात उत्साहाने दहा-बारा नळ्या ठोकणारे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा निम्मा रस गढूळ होऊन जमिनीत ओतला गेला. झाडाला भोक पाडून घेतलेला रस फेकून देताना फार जिवावर येतं.

सामान थोडं लागतं. ८ मिलिमीटरच्या नळ्या (इथे त्यांना स्पाइल किंवा टॅप म्हणतात), तेवढ्याच मापाचं धारदार बिट, ड्रिल, हातोडी, झाकणाच्या बादल्या, एक मोठं पिंप आणि थर्मामीटर. जुन्या ११ मिलिमीटरच्या नळ्याही मिळतात, पण बारीक भोक झाड लवकर भरून काढतं आणि रसात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. बादली आणि पिंप खाद्यपदार्थांसाठीच्याच प्लास्टिकचं किंवा स्टीलचं असू द्या. बेकरीत मलईची मोकळी पिंपं बऱ्याचदा विचारलं की मिळतात. जुन्या बाजारात पत्र्याच्या सुंदर बादल्या दिसतात. त्यांच्या जोडांना शिशाचं झाळकाम केलेलं असू शकतं, तेव्हा त्या शोभेलाच ठेवा.

दिवस कुठला

रात्री पारा शून्याखाली, उणे ४-५ पर्यंत उतरायला हवा आणि दिवसा तो शून्याच्या वर, ४ ते ७ पर्यंत चढायला हवा. हा चढ-उतार हेच सगळ्याचं इंजिन आहे. रात्री गारठ्यात लाकडाच्या पेशींमधला वायू आकसतो, खोडात ओढ तयार होते आणि मुळांकडून पाणी वर खेचलं जातं. दिवसा वितळायला लागलं की तोच वायू फुगतो, आत दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून रस बाहेर येतो. सलग आठवडाभर गोठलेलं राहिलं तर थेंब नाही. सलग आठवडाभर उबदार राहिलं तरी नाही.

माड किंवा शिंदीशी तुलना करायचा मोह होतो, पण तिथलं काम निराळं. माडाची पोय रोज छाटावी लागते, तेव्हा नीरा गळत राहते. मेपलचं भोक एकदा पाडलं की पुन्हा कोरायचं नसतं. साधारण सहा आठवड्यांत जंतूंमुळे त्याची आतली बाजू बंद होत जाते आणि झाड स्वतःच ते मिटवायला घेतं.

आमच्याकडे हंगाम महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि गुढीपाडव्यापर्यंत आटोपतो. उत्तरेला व्हर्मॉन्ट किंवा क्वेबेकमध्ये तो दोन-तीन आठवडे मागे सरकतो. तारखेपेक्षा दहा दिवसांचा हवामान अंदाज बघा. पहिल्याच उबदार दिवशी घाई केली आणि पुढे तीन आठवडे कडाका पडला, तर भोकाचं आयुष्य फुकट जातं.

भोक

पारा शून्याच्या वर असेल तेव्हाच ड्रिल हातात घ्या, गोठलेलं लाकूड नळी ठोकताना चिरतं. बिटवर टोकापासून ४ सेंटीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली हाताला कळते. कमरेच्या उंचीवर, साल धडधाकट असेल तिथे जागा निवडा. जुनं भोक असेल तर त्यापासून आडवं १५ सेंटीमीटर आणि उभं ६० सेंटीमीटर अंतर सोडा. दक्षिणेकडच्या बाजूला ऊन आधी लागतं आणि रस आधी सुटतो, पण हंगामाच्या हिशेबात बाजूने फारसं बिघडत नाही.

ड्रिल किंचित वर रोखून धरा, म्हणजे भोकाचा उतार बाहेरच्या दिशेला राहील. एकाच दमात आत जा आणि फिरतं ठेवूनच बाहेर काढा. आता तळहातावर पडलेला भुसा बघा. आधी सालीचा तांबूस चुरा येतो, मग क्रीमसारखे पांढरट, ओलसर, मऊ किस येतात. असे किस आले की तुम्ही जिवंत लाकडात आहात. गडद तपकिरी, कोरडा भुसा आला तर ते लाकूड मेलेलं आहे. त्या भोकातून काही येणार नाही, दुसरी जागा बघा. भोक साफ करायला तोंडाने फुंकू नका, तोंडातले जंतू सरळ आत जातात. स्वच्छ काडीने किस काढले की पुरे.

नळी हाताने बसवा आणि हातोडीने हलके ठोका. पहिल्या ठोक्यांचा आवाज पोकळ येतो, मग एका ठोक्याला तो बदलतो, घट्ट आणि बसका होतो. तिथेच थांबा. पुढचा ठोका लाकूड चिरतो आणि रस नळीबाहेरून ओघळायला लागतो. दिवस चांगला असेल तर नळी बसेपर्यंत पहिला थेंब टोकाशी आलेला असतो. जिभेवर घेऊन बघा: गार पाणी, आणि अगदी शेवटी गोडव्याची चाहूल. उसाच्या रसाची सवय असलेल्या जिभेला आधी काहीच कळत नाही. माझ्या मुलाने तोंड वाकडं केलं होतं आणि विचारलं होतं, हे पाणीच आहे ना?

रस दुधासारखा सांभाळा

बादलीला झाकण हवंच. पाऊस, बर्फ, सालीचे कपचे आणि मार्चमध्ये हमखास येणारे पतंग आत पडतात. रोज संध्याकाळी बादल्या रिकाम्या करा. चांगल्या दिवशी एका नळीतून ४ लिटर, कधी जास्तही येतो, म्हणून दुधाचा चारेक लिटरचा कॅन टांगणार असाल तर तो दुपारीच भरून वाहील.

जमा केलेला रस ४ अंशांखाली ठेवा. मी पिंप घराच्या उत्तरेला सावलीत बर्फात पुरते. तरी तीन-चार दिवसांच्या आत आटवून मोकळं व्हायचं. पाण्यासारखा नितळ रस दुधी दिसू लागला की तो गेला.

सकाळी बादलीत बर्फाचा थर दिसला तर तो काढून टाका. गोठताना पाणी आधी गोठतं आणि साखर उरलेल्या रसात राहते, त्यामुळे बर्फात साखर नावापुरती असते. तेवढं जळणाचं लाकूड वाचतं. मोठे कारखानदार हेच काम यंत्राने करतात: आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी जे आर.ओ. वापरतात, त्याच पद्धतीने रसातलं बरंचसं पाणी आधी काढून घेतात आणि मग भट्टीवर चढवतात. २ टक्क्यांशी सगळ्यांचीच झटापट चालू असते.

आटवणं

घरात करू नका. ४० लिटर रस म्हणजे जवळजवळ ३९ लिटर पाण्याची वाफ, ती भिंतींवर, कपाटांवर, छतावर बसते. ओळखीच्या एका घरी पहिल्या वर्षी स्वयंपाकघराचा वॉलपेपर पट्ट्यापट्ट्यांनी सुटून आला होता.

बाहेर दोन सोप्या सोयी आहेत. एक म्हणजे टर्की तळायचा प्रोपेनचा बर्नर आणि त्यावर पसरट पातेलं. कष्ट कमी, गॅसचा खर्च जास्त. दुसरी माझी: काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या दोन रांगा, वर बुफेला असतात तशा स्टीलच्या तीन खोल ट्रे, मागे धुराड्याचा पाइप. बघितलं तर चुलवाणच. आग पेटवण्याआधी गावच्या अग्निशमन खात्याला विचारून घ्या, नियम गावागणिक बदलतात. भांडं उंच नको, पसरट हवं. वाफ पृष्ठभागावरून जाते, आणि काहिलीचा तो विस्तार कशासाठी असतो हे मला इथे परसात उभं राहून नीट उमगलं. माझ्या तीन ट्रेंमधून तासाला १२ ते १५ लिटर पाणी उडतं. लाकूड सुकं आणि मनगटाएवढं फोडलेलं घ्या, जाड ओंडके नुसते धुमसतात.

ट्रेमध्ये रस ४-५ सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, तळ लागतो. बाजूला एका पातेल्यात रस गरम करत ठेवा आणि तोच थोडा थोडा ओता. थंड ओतला की उकळी बसते. फेस येईल तो झाऱ्याने काढा. उतू जाऊ लागला तर शेंगदाण्याएवढं लोणी टाका, क्षणात बसतो. आणि आग सोडून कुठेही जाऊ नका. शेवटचे दोन तास रस सोनेरी होतो, वास बदलतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस दमलेला असतो.

८० लिटरचे साधारण ३ लिटर उरले की ते गाळून घरात गॅसवर आणा. इथून पुढे ताबा हवा, तो लाकडाच्या आगीत मिळत नाही.

आता मराठी स्वयंपाकघराची एक सवय सोडावी लागते. पहिल्या वर्षी मी बोटांत पाक धरून एकतारीची वाट बघत बसले. तार आली, बाटल्या भरल्या, आणि महिन्याभरात प्रत्येक बाटलीच्या तळाशी खडीसाखर धरली. मेपलचा पाक एकतारीच्या अलीकडेच उतरवायचा असतो. खूण अशी: पळी बुडवून आडवी धरा. कच्चा रस थेंबाथेंबाने पडतो. तयार झाला की थेंब एकमेकांत मिसळून पळीच्या काठावर छोटा पडदा धरतात आणि तो पडदा तुटून पडतो.

पडद्यावर भिस्त ठेवू नका, थर्मामीटर लावा. पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ अंश वर तयार होतो, म्हणजे साधारण १०४ वर. मात्र पाणी दर दिवशी अचूक १०० लाच उकळत नाही. हवेचा दाब आणि गावाची उंची यांनी ते हलतं. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी पाणी उकळून आकडा लिहून घ्या आणि त्यात ४ मिळवा. १०३ पर्यंत पारा रेंगाळतो आणि मग एकदम पळतो, तेव्हा गॅस बारीक करून समोरच उभं राहा. दुसऱ्या वर्षापासून हायड्रोमीटर, म्हणजे पाकात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी, घ्या. पाकात साखर ६६ ते ६७ टक्के भरली पाहिजे. हायड्रोमीटरवर गरम आणि थंड पाकासाठी दोन वेगळ्या रेघा असतात, त्यांची गल्लत करू नका. पातळ राहिला तर पाक आंबतो किंवा बुरशी धरतो, जास्त आटला तर माझ्यासारखी खडीसाखर.

गाळणं आणि बाटल्या

तयार पाक गढूळ दिसतो आणि तळाशी राखाडी, बारीक रेती बसते. ती झाडातलीच खनिजं असतात, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. अपाय काही नाही, पण दाताखाली कचकचते. मलमलीतून ती सहज निसटते. लोकरीच्या किंवा फेल्टच्या जाड शंकूतून पाक कडकडीत गरम असतानाच गाळा, थंड झाला की कपड्यातून उतरतच नाही. शंकू आधी गरम पाण्यात भिजवून निथळून घ्या. फेल्ट नसेल तर पाक बरणीत दोन दिवस निवळू द्या आणि वरचा अलगद ओतून घ्या.

८२ ते ८५ अंशांना गरम असतानाच गरम बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, झाकण लावा आणि क्षणभर आडवी करा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेने निर्जंतुक होते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये.

पहिल्या दिवसांचा पाक फिका सोनेरी होतो, मार्चअखेरचा गडद आणि उग्र. ऊब वाढली की रसातले जंतू साखरेचा काही भाग तोडतात आणि तो उकळताना जास्त रंगतो. दुकानात फिक्याला मान असतो. मला गडदच आवडतो. घावनावर ओतला की काकवीची आठवण होते.

नळ्या काढायची वेळ

कळ्या फुगू लागल्या की थांबा. तेव्हाच्या रसाला आटवताना एक विचित्र, कुजकट वास येतो आणि तो पाकातून जात नाही. रेड मेपल आधी फुलतो, त्याच्या नळ्या आधी काढा. शंका आली तर वाटीभर रस वेगळा उकळून वास घ्या.

नळी हातोडीच्या मागच्या बाजूने हळूहळू सैल करून ओढा. भोकात मेण, खुंटी, माती काहीही घालू नका. उघडं राहिलं की ते आपलं आपण वाळतं, आणि निरोगी झाडाचं ८ मिलिमीटरचं भोक एक ते तीन वर्षांत सालीखाली मिटतं. बादल्या, नळ्या, ट्रे कडकडीत पाण्याने घासा. साबणाचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि पुढच्या वर्षीच्या पाकात उतरतो.

एक वही ठेवा. झाड, घेर, भोक कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर, कुठल्या तारखेला किती लिटर. पुढच्या फेब्रुवारीत खोडावर बर्फ असतो आणि जुनं भोक बोटांना सापडत नाही, तेव्हा ही वही घेऊनच झाडाकडे जायचं.